बटणावरचा हात

भोंगेकाकांचं नाव झालं ते आवाज बंद करण्यात. चालू काय, कुणीही करतो. बटण दाबलं, फुंकर मारली, "हॅलो, चेक" म्हटलं की झाला तो साउंडवाला. पण बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द सुटला आणि त्याच क्षणी माईक मेला, मधे ना खोकला ना खाकरा, असं करणारा हात अख्ख्या वस्तीत एकच होता, आणि तो काकांचा डावा हात होता.

दुकान बापाच्या वेळचं. लांबट, बोळासारखी खोली. भिंतीला चार पोचे पडलेले भोंगे टांगलेले, फळीवर तारांची वेटोळी, आणि कोपऱ्यात मेलेल्या ॲम्प्लिफायरांचा सांगाडा. काका त्यातूनच एखादा स्क्रू, एखादा खटका काढत आणि जित्याला लावत. खुर्ची एक. दुसरा माणूस आला तर त्यानं भोंग्याच्या खोक्यावर बसायचं.

बंद करण्याचं हे वेड त्यांना उगाच लागलं नव्हतं. तरुणपणी एका सभेत दुसऱ्याच कुणाचा माईक होता. पाहुण्यांनी त्याग, सेवा, निःस्वार्थ वगैरे पाऊण तास सांगितलं, खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "आता तरी गिळायला देणार का हे भिकारडे?" माईक चालूच. चौकातल्या आठही भोंग्यांनी ते वाक्य घरोघर पोचवलं. त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला. बोलणं संपलं की माईक मेला पाहिजे. ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नसत, गळ्याच्या घाटीकडे बघत. घाटी कधी खाली बसणार, हे त्यांना बोलणाऱ्याच्या आधी कळायचं.

"बाबा, तुमचा हात म्हणजे सापाची जीभ आहे," त्यांची लेक म्हणायची. लेक इंटरनेटच्या ऑफिसात होती. खांबावर चढून केसाएवढ्या काचेच्या तारा जोडायचं काम करायची. बापाला ती एका गोष्टीत मानायची आणि बाकी सगळ्यांत उडवून लावायची.

दोन वर्षांपूर्वी तिनंच काकांना लाइव्हच्या धंद्यात आणलं. ज्याचं त्याचं कुणी ना कुणी परदेशात. लग्न, निरोप, मयत, सगळं त्यांना घरबसल्या दिसायला हवं. लेकीनं एक कॅमेरा आणला, काडेपेटीच्या चौपट आकाराचा एक डबा आणला, जुना लॅपटॉप पुसूनपासून दिला आणि सांगायला बसली, "बाबा, हे कसं चालतं ते एकदा नीट ऐकून घ्या."

"ऐकायचं काय त्यात? भोंग्याची तार लांबली, एवढंच ना? पूर्वी चौकापर्यंत जायची, आता समुद्रापार जाते."

"तार नसते हो तशी. त्याचे तुकडे..."

"तू मला तारा शिकवू नकोस. बटण कुठलं ते दाखव."

तिनं बटण दाखवलं. एक 'सुरू', एक 'समाप्त'. आणखी एक होतं 'नोंद ठेवा' म्हणून, ते काकांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. "भोंग्यातून गेलेला आवाज कुणी साठवून ठेवतो का? उद्या माणसं ऐकून ऐकून चुका काढतील." झालं. डावा हात माईकवर, उजव्या हाताचं बोट 'समाप्त'वर. शब्द सुटला की दोन्ही एकदम खाली. हॉलमध्ये शांतता, पडद्यावर अंधार. स्वच्छ काम.

पलीकडच्या आळीतला मंडपवालाही लाइव्ह करायचा. त्याचं म्हणजे सगळं वाहतं. कार्यक्रम संपून दहा मिनिटं झाली तरी खुर्च्या ओढल्याचा आवाज चालूच, कुणाची तरी पाठ, कुणाचं तरी पोर कॅमेऱ्यात बोट घालतंय. काका हसून लोटपोट व्हायचे. "बेशिस्त! तिकडच्या माणसानं काय खुर्च्या मोजायच्या?"

आता आईचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आई शहाऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात प्रसूतीची नर्स. हाडं बारीक, आवाज जाड, आणि जीभ अशी की डॉक्टरसुद्धा आधी दारात थांबून कानोसा घ्यायचे. तिला दोन मुलगे. थोरले आपले काका. धाकटा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो समुद्रापार, तिथल्या गोदीत क्रेनवर लागला. अकरा वर्षांत आईला त्यानं एक फोन केला नाही, आणि आईनंही केला नाही. दोघांत कोण जास्त अडेल, यावर पैज लावली असती तर पैज लावणारे म्हातारे होऊन मेले असते.

भांडण एका माईकवरून. बापाकडे एक चंदेरी माईक होता, नारळाएवढा वजनदार, जुन्या रेडिओ केंद्राच्या भंगारातून आणलेला. बाप तो कधी भाड्यानं देत नसे. बाप गेला आणि महिनाभरात माईक गायब झाला. आईनं घर उलथंपालथं केलं, आणि बारा माणसांसमोर धाकट्याला विचारलं, "तूच विकलास ना?" धाकट्यानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "मी पाहिलंय त्याला. पिशवी घेऊन मागच्या दारानं जाताना."

काकांनी काहीच पाहिलं नव्हतं. का बोलले, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. आवाज पारखणारा बापाचा कान धाकट्याला आला होता, असं सगळे म्हणायचे, ते कुठंतरी सलत असणार. दुकानाला वाटेकरी नको, हेही असणार. तोंडातून गेलं. धाकट्यानं उघडलेलं तोंड मिटलं, थोरल्याकडे एकदा नीट बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. काकांनी ते वाक्य मनाच्या सांगाड्यात, मेलेल्या ॲम्प्लिफायरांच्या खाली टाकून दिलं आणि अकरा वर्षं त्यावर धूळ बसू दिली.

यंदा दवाखान्याला सत्तर वर्षं झाली. तिथल्यांनी ठरवलं, जुन्या नर्सबाईंचा सत्कार करायचा. निरोप आला, की तुमची ती काळी चामड्याची पिशवी असेल तर आणा, टेबलावर मांडू. तिच्यातली कात्री, चिमटे नव्या मुलींना बघू देत. आईनं माळ्यावरून पिशवी काढून घेतली आणि दार लावून झाडायला बसली. तासाभरानं बाहेर आली ती चेहरा घट्ट करून.

"लाइव्ह तूच करणार ना?" तिनं काकांना विचारलं.

"मग काय मंडपवाला?"

"धाकट्याला दिसेल?"

काकांनी चमकून बघितलं. अकरा वर्षांत तो शब्द या घरात उच्चारला गेला नव्हता. "दिसेल की. त्याच्या बायकोला लिंक पाठवेल आपली पोर." लेक आणि तिची काकू अधूनमधून गुपचूप बोलत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

"माझं बोलणं शेवटपर्यंत पोचायला पाहिजे. एक शब्द गळता कामा नये."

"आई, माझ्या हातून शब्द गळालाय कधी?"

तिनं पिशवीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. रिक्षात ती मांडीवर घेऊन बसली, एखादं नुकतं जन्मलेलं घेऊन बसावं तशी.

दवाखान्याचा हॉल छोटा. हिरवट भिंती, फिनेलचा वास, चाळीस खुर्च्या, वर दोन पंखे, त्यातला एक कण्हत होता. टेबलावर पिशवी. काका कोपऱ्यात, डावा हात माईकवर, उजवा लॅपटॉपवर. पडद्याच्या कडेला बघणाऱ्यांचा आकडा होता. एकोणीस. त्यांत धाकटा आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आईला फुलं दिली, फोटो झाले, फोन काढलेल्यांनी फोन परत खिशात घातले. मग ती उभी राहिली. पहिली दहा मिनिटं तिनं दवाखान्याची लक्तरं काढली. पाणी नसायचं, कंदिलात बाळंतपणं व्हायची, एका डॉक्टरला रक्त बघून भोवळ यायची. लोक हसत होते. मग ती थांबली, आणि पिशवीवर हात ठेवला.

"आता शेवटचं. अकरा वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या मुलाला बारा माणसांसमोर चोर म्हणाले."

पंखा कण्हला. आईनं सावकाश पिशवीचा खटका उघडला, आत कोपरापर्यंत हात घातला, आणि जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेला तो चंदेरी माईक काढून टेबलावर ठेवला. ठेवल्याचा दणका सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"हा तो. माझ्याच पिशवीत होता. ओल लागू नये म्हणून मीच ठेवला आणि मीच विसरले. माझा धाकटा चोर नाही. थोरला म्हणाला होता मी पाहिलं. जे घडलंच नाही ते त्यानं कुठून पाहिलं, ते त्याचं त्याला ठाऊक. धाकट्या, ऐकतोयस ना? चूक माझी. मी चुकले. संपलं माझं."

काकांच्या अंगातलं रक्त कुठं गेलं कोण जाणे. पण हात? हाताला काही कळलंच नाही. 'माझं'मधला शेवटचा उच्चार ओठावरून सुटला, घाटी खाली बसली, आणि दोन्ही हात नेहमीसारखे, सापाच्या जिभेसारखे, खाली आले. माईक मेला. पडदा काळा.

चाळीस माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या. आईचीही वळली. तिनं ते दोन हात बघितले.

घरी आल्यावर उंबऱ्यात तिनं एवढंच विचारलं, "गेलं त्याच्यापर्यंत?"

"सगळं गेलं," काका म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं, पण कामाची खात्री होती. "शेवटच्या शब्दापर्यंत. मी शब्द पुरा झाल्यावरच बंद केलं."

"मग फोन येईल."

एक दिवस गेला, दोन गेले. आई फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसायची. कंपनीवाल्यांचा फोन आला तरी पहिल्या घंटीला उचलायची आणि त्यांना शिव्या घालायची. पाचव्या दिवशी तिनं फोन कपाटात ठेवला.

"तू तोडलंस," ती म्हणाली.

"आई, शपथ घेऊन सांगतो..."

"तुझ्यावर उलटतंय म्हटल्यावर तोडलंस. बघितलेत मी तुझे हात."

"अगं, चाळीस माणसांनी ऐकलं ना पुरतं? मग त्यालाही तेवढंच गेलं. तार एकच असते."

"चाळीस माणसं हॉलमध्ये होती." त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना. चहाचा कप ठेवला तर उचलायची, पण असा, की भिंतीतून आपोआप बाहेर आलाय.

नवव्या दिवशी लेक कामावरून थेट दुकानात आली. कमरेचा पट्टा, अवजारं, सगळं अंगावरच. भोंग्याच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "काकू बोलली आज. मीच लावला फोन."

"मग? काय म्हणाला तो?"

"धाकटे काका काही म्हणत नाहीत. काकू म्हणाली, सुरुवातीला आतल्या खोलीत होते. टेबलावर आजीची पिशवी दिसली तशी खुर्ची ओढून टीव्हीच्या पुढ्यात येऊन बसले. हलले नाहीत. आजी बोलायला लागली. आणि मग..." ती थांबली. "बाबा, तिकडं शेवटचं वाक्य कुठलं ऐकू आलं माहितीये?"

"संपलं माझं."

"'मी माझ्या धाकट्या मुलाला बारा माणसांसमोर चोर म्हणाले.' एवढं आलं, आणि अंधार. 'कार्यक्रम समाप्त झाला आहे' अशी पाटी. काकू म्हणाली, एवढ्या वर्षांनी बोलावून, जगासमोर परत तेच ऐकवायचं होतं का?"

काका म्हणाले, "खोटं आहे. त्यानंतर ती अर्धं मिनिट बोलली. मी बंद केलं तेव्हा ती बोलून खाली बसायला लागली होती."

"हॉलमध्ये."

"परत तेच! आई पण हेच म्हणाली. हॉल काय, परदेश काय..."

लेक उठली. कॅमेरा काढला, डबा जोडला, भिंतीवरचं गोल घड्याळ काढून काकांच्या मांडीवर दिलं, 'सुरू' दाबलं, आणि आपल्या फोनवर तेच लाइव्ह लावून त्यांच्या हातात ठेवलं. "घड्याळ बघा. मग फोनमधलं घड्याळ बघा."

काकांच्या मांडीवर सेकंदकाटा बारावर होता. फोनमधल्या काकांच्या मांडीवर तो अजून सहाच्या जरा अलीकडे होता.

त्यांनी घड्याळ हलवलं. फोनमधला माणूस ढिम्म. त्यांनी उजवा हात वर केला. फोनमधला माणूस हात खाली ठेवून बावळटासारखा बघत होता. काका हात तसाच धरून बसले, खांदा भरून आला, आणि मग कधीतरी, त्यांना वाटलं जन्म गेला, फोनमधल्या त्या माणसानं हात वर केला. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. स्वतःचंच भूत बघावं तसं.

"हा कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. एकतीस सेकंदांपूर्वीचे." लेक आता हळू बोलत होती. "बाबा, तार नाही ती. तुमचा आवाज आणि चित्र सलग जातच नाही. हा डबा त्याचे तुकडे पाडतो, सहा-सहा सेकंदांचे. प्रत्येक तुकडा दाबून बारीक करून लांबच्या एका मोठ्या मशीनवर टाकतो. तिथं त्याच्या तीन प्रती होतात, जाड, मध्यम, बारीक. बघणाऱ्याचं इंटरनेट धडधाकट असेल तर त्याला जाड मिळते, मरतुकडं असेल तर बारीक. आणि बघणाऱ्याचा टीव्ही काय करतो? आलेला तुकडा लगेच दाखवत नाही. आधी तीन-चार गोळा करून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीसारखं. मधे पाणी गेलं तरी नळ चालू राहावा म्हणून. म्हणून नळाला येतं ते पाणी मघाचं असतं."

"मग मी 'समाप्त' दाबलं तेव्हा..."

"तुम्ही नुसता नळ बंद केला नाहीत. सगळ्यांच्या गच्चीवरच्या टाक्या एका फटक्यात उलथवल्यात. पोचलेलं, पण अजून न दाखवलेलं, सगळं गेलं."

"मला सांगितलं नाहीस!"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, बटण दाखव."

काका फोनकडे बघत राहिले. फोनमधला माणूस अजून मघाचा प्रश्न विचारायच्या तयारीत होता. आणि मग त्यांच्या डोक्यात दुसरा दणका बसला, पहिल्याहून मोठा. हे एकट्या आईचं नव्हतं. दोन वर्षांतलं प्रत्येक काम त्यांनी असंच, शब्दावर शब्द, स्वच्छ कापलं होतं. निवृत्त झालेल्या हेडमास्तरांनी सगळं बोलून झाल्यावर मुलीला नावानं हाक मारली होती, तेच त्यांचं शेवटचं वाक्य. एका लग्नात नवरीचा आजा अडखळत अडखळत शेवटी हो म्हणाला होता. शवपेटी उचलायच्या आधी एक बाई वाकून नवऱ्याच्या कानाशी काहीतरी म्हणाली होती; तिचा मुलगा परदेशी होता, विमान न मिळालेला, आणि ते ऐकण्यासाठीच जागा होता. काकांनी त्या बाईचा शब्द सुटल्या सुटल्या बटण दाबलं होतं आणि लेकीला म्हणाले होते, बघ, याला म्हणतात काम. कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांना वाटलं, नेट गेलं असेल.

आणि तो मंडपवाला. दहा दहा मिनिटं खुर्च्या ओढल्याचा आवाज दाखवणारा. त्याच्या गिऱ्हाइकांना शेवटचा शब्द मिळत होता. प्रत्येक वेळी.

काकांनी घड्याळ मांडीवरून उतरवलं आणि पालथं ठेवलं.

आईला हे पटवायचं कसं? लेकीनं तिला हाताला धरून दुकानात आणलं, खुर्चीवर बसवलं, हातात फोन दिला. म्हातारीनं कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवली आणि फोनकडे बघत थांबली. अर्ध्या मिनिटानं फोनमधल्या म्हातारीनं जीभ काढली. मग त्या अबोल्यानंतर पहिल्यांदा आईनं थोरल्याकडे बघितलं.

"म्हणजे तू मुद्दाम नाही केलंस."

"नाही गं."

"मग गाढव आहेस. माझ्या पोटचा असून एवढं कळलं नाही? पोर बाहेर आलं म्हणजे बाळंतपण संपलं का? नाळेमागची वार पडेपर्यंत बसावं लागतं. पोर बघून हात धुऊन निघून जाणाऱ्या सुईणीनं किती बायका मारल्यात, मी मोजल्यात. तू दोन वर्षं तेच करतोयस."

"आता परत बोल तू. मी नाही बंद करणार."

"मी?" आई म्हणाली. "मी बोलले ते बोलले. चाळीस माणसांसमोर बोलले. पोचलं नाही तो तुझा गाढवपणा. आता तू बोल."

"मी काय बोलू?"

"काय पाहिलंस ते."

धाकट्याला फोन लावून उपयोग नव्हता, तो उचलत नव्हता. काकू म्हणाली, लाइव्ह करणार असाल तर मी टीव्ही लावून ठेवते. बघतील, न बघतील. रविवारी दुपारी लेकीनं दुकानात कॅमेरा लावला. आईनं पिशवीतून चंदेरी माईक काढला. काकांनी सांगाड्यातून एक खटका शोधून त्याची तार जुळवली, फुंकर मारली, आणि अकरा वर्षं चामड्यात झोपलेला तो माईक अशा खर्जात गुरगुरला की बापच खोकल्यासारखा वाटला. 'सुरू' झालं. कडेला आकडा आला: दोन.

"एक आपलाच फोन आहे," लेक म्हणाली. तिनं त्याचा आवाज बंद केला होता, नाहीतर माईकनं शिट्टी मारली असती. "दुसरा तिकडचा. बोला."

चाळीस वर्षं काकांनी जगाचा आवाज मोठा केला होता, पण स्वतः माईकमध्ये "हॅलो, चेक"च्या पुढे कधी गेले नव्हते. आई खोक्यावर बसून त्यांच्या घाटीकडे बघत होती.

"मी थोरला बोलतोय," ते म्हणाले. "माईक आईच्याच पिशवीत होता. ती त्या दिवशी हॉलमध्ये तेच सांगत होती, चूक झाली म्हणून. तुला अर्धंच दिसलं, कारण मी बटण दाबलं. मला वाटायचं तार आहे. आणि... तेव्हा मी म्हणालो मी पाहिलं. मी काही पाहिलं नव्हतं. तू मागच्या दारानं गेलासच नव्हतास. मी खोटं बोललो. बास."

'बास' म्हणताच डावा हात आपोआप उठला. आईनं तो वरच्यावर फटका मारून खाली पाडला. "बस तसाच!"

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. चालू माईकपुढे गप्प बसायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि ती शांतता त्यांना अंगावरचे कपडे काढल्यासारखी वाटत होती. लेकीच्या फोनमध्ये मघाचे काका अजून तोंड हलवत होते. एकदाचे ते 'बास'पर्यंत आले. म्हातारीनं हातावर फटका मारला. पोचलं.

आकडा दोनच होता.

मग चित्राखाली एक ओळ उमटली. लेकीनं वाचली, "धाकटे काका लिहितायत. 'वाजतोय अजून?'"

"माईकचं विचारतोय," काका म्हणाले.

दुसरी ओळ आली. लेकीनं तीही वाचली. "'आईनं तो फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, तेव्हा मी दारात उभा होतो.'"

आईचं तोंड उघडं राहिलं. काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी फोन ओढून घेतला, स्वतः वाचलं, परत वाचलं. तिसरी ओळ त्यांच्या डोळ्यांदेखत आली.

'आई विचारत होती तेव्हा तेच सांगणार होतो. तेवढ्यात दादा म्हणाला, मी पाहिलं. म्हटलं, मग दादालाच विचारा.'

"अकरा वर्षं!" आई खोक्यावरून उठली. "अकरा वर्षं याला ठाऊक! एक शब्द बोलला असता, मी त्याच दिवशी पिशवी उघडली असती! मेल्या, मी मेले असते तर?" ती माईकमध्येच ओरडत होती, आणि माईक तिचा प्रत्येक शब्द घेऊन गुरगुरत होता. "माझ्यावरच गेलाय. अक्षर न् अक्षर माझ्यावर."

काकांना मात्र तिचं ऐकू येत नव्हतं. त्यांना ते उघडलेलं आणि मिटलेलं तोंड दिसत होतं. आपण 'समाप्त'वर बोट ठेवायला लागायच्या कितीतरी आधी, त्या दिवशी बारा माणसांसमोर, आपण एका माणसाचं वाक्य बरोबर सुरू व्हायच्या क्षणी बंद केलं होतं. ते जबडा सोडून बसून राहिले.

हातातल्या फोनमध्ये मघाचे भोंगेकाका दिसत होते. मांड्यांखाली हात घालून, ताठ, नजर समोर. त्या माणसाला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

"बाबा," लेकीनं हळूच विचारलं, "बंद करू का आता?"

"थांब," काका म्हणाले. "माझं हे तोंड पोचू दे त्याच्यापर्यंत."